जिंकूनही सरासरी घसरते! मैत्रीपूर्ण सामने, फिफा क्रमवारी आणि आपला गणिताचा तास



आमच्या राजोडीत ओहोटी लागली की वाळूत दोन-दोन चपला ठेवून गोल तयार होतो आणि फुटबॉल सुरू होतो. वसई पट्ट्यातल्या मुलांना या खेळाचं वेगळं सांगावं लागत नाही. त्यामुळे वर्गात सरासरी किंवा शेकडेवारी शिकवताना फुटबॉलचं उदाहरण घेतलं की मागच्या बाकावरचा मुलगाही मान वर करतो. या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "बाई, मैत्रीपूर्ण सामना म्हणजे हरलं तरी चालतं ना? मग तो खेळतातच कशाला?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात सरासरी आहे, संभाव्यता आहे, आणि आपण शिक्षक-पालक मुलांच्या गुणांकडे कसं बघतो तेही आहे. म्हणून आजचा हा पाठ.

क्रमवारीचा उपयोग काय?

फिफा ही फुटबॉलची जागतिक संघटना. ती देशांच्या पुरुष संघांना गुण देऊन क्रमवारी लावते. ही क्रमवारी फक्त मिरवायची नसते. मोठ्या स्पर्धांच्या पात्रता फेरीची सोडत काढताना ती वापरतात. सगळ्या संघांचे क्रमवारीप्रमाणे गठ्ठे करतात, त्यांना 'पॉट' म्हणतात. पहिल्या पॉटमध्ये वरचे संघ, दुसऱ्यात त्याखालचे, असं. मग प्रत्येक पॉटमधून एकेक चिठ्ठी काढून गट बनतात. म्हणजे तुम्ही पहिल्या पॉटमध्ये असाल तर पहिल्या पॉटमधला दुसरा तगडा संघ तुमच्या गटात येऊच शकत नाही.

मुलांना सांगताना तीन पायऱ्यांची साखळी फळ्यावर लिहा: सामना → गुण आणि क्रमवारी → पॉट आणि गट. मैत्रीपूर्ण सामना पहिल्या पायरीवर आहे. त्याचा धक्का तिसऱ्या पायरीपर्यंत पोचतो का, किती पोचतो, हे आपल्याला बघायचंय.

जुनी पद्धत: सरासरीची गंमत

२००६ ते २०१८ या काळात फिफाची पद्धत सरासरीची होती. एका सामन्याचे गुण असे काढत:

निकाल × सामन्याचं महत्त्व × प्रतिस्पर्ध्याची ताकद × खंडाचा गुणांक × १००

विजयाला ३, बरोबरीला १, पराभवाला ०. महत्त्व म्हणाल तर मैत्रीपूर्ण सामन्याला १, पात्रता सामन्याला २.५, आणि विश्वचषकातल्या सामन्याला ४. मग वर्षभरातल्या सामन्यांच्या गुणांची सरासरी. अशा चार वर्षांच्या सरासऱ्या, जुन्या वर्षाला कमी वजन देत, एकत्र करायच्या.

आता फळ्यावर हे गणित घ्या. आशियातल्या एका संघाने क्रमवारीत १०० व्या असलेल्या आशियाई संघाला मैत्रीपूर्ण सामन्यात हरवलं. ताकदीचा आकडा (२०० − १००) ÷ १०० = १. आशियाचा गुणांक ०.८५. म्हणून गुण झाले ३ × १ × १ × ०.८५ × १०० = २५५.

- 'अ' संघाची आधीच्या ४ सामन्यांची सरासरी ५०० आहे. नवी सरासरी: (२००० + २५५) ÷ ५ = ४५१. जिंकला, तरी ४९ ने घसरला!
- 'ब' संघाची आधीच्या ४ सामन्यांची सरासरी १०० आहे. नवी सरासरी: (४०० + २५५) ÷ ५ = १३१. तोच विजय, पण हा ३१ ने वर गेला.

इथे वर्गात गलका होतोच. "जिंकून कमी कसे झाले?" हा गलका होऊ द्या. सरासरीपेक्षा लहान संख्या आत आली की सरासरी खाली येते, हे वाक्य घोकून घेण्यापेक्षा या गलक्यातून पक्कं बसतं.

आणि हे नुसतं फळ्यावरचं नव्हतं, प्रत्यक्षात घडलं. २०१४ चा विश्वचषक ब्राझीलमध्ये होता. यजमान म्हणून ब्राझीलला पात्रता सामने नव्हते, खेळायला उरले बहुतेक मैत्रीपूर्ण सामने. जून २०१३ मध्ये ब्राझीलसारखा संघ क्रमवारीत २२ वा झाला होता. पोलंडने याच्या उलट शहाणपण केलं. २०१८ च्या विश्वचषकाचे पात्रता सामने सुरू असताना त्यांनी एकच मैत्रीपूर्ण सामना खेळला, नोव्हेंबर २०१६ मध्ये स्लोव्हेनियाशी, १-१. बाकी टाळले. ऑक्टोबर २०१७ च्या क्रमवारीत पोलंड सहावा, सोडतीत पहिल्या पॉटमध्ये. स्पेन आणि इंग्लंड मात्र दुसऱ्या पॉटमध्ये!

पुढे काय झालं? रशियात पोलंड आपल्या गटात शेवटचा आला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपल्या अंधेरीतला सामना

३ सप्टेंबर २०१६. नालासोपाऱ्याहून किंवा विरारहून लोकल पकडली की ज्या अंधेरीला उतरतो, तिथल्या क्रीडा संकुलात भारत विरुद्ध प्युर्टो रिको असा मैत्रीपूर्ण सामना झाला. भारत तेव्हा १५२ वा, पाहुणे ११४ वे. भारत ४-१ ने जिंकला. नारायण दास, सुनील छेत्री, जेजे आणि जॅकीचंद सिंग यांनी गोल केले.

वरच्या सूत्रात घाला: ताकद (२०० − ११४) ÷ १०० = ०.८६, दोन्ही खंडांचा गुणांक ०.८५. गुण झाले ३ × १ × ०.८६ × ०.८५ × १०० = २१९.३. भारताचे तेव्हाचे एकूण गुणच याहून कमी होते. म्हणजे आपण 'ब' संघ होतो! मार्च २०१५ मध्ये १७३ वर घसरलेला भारत जुलै २०१७ मध्ये ९६ वा झाला. त्यात पात्रता सामन्यांतल्या विजयांचा वाटा होताच, पण अशा मैत्रीपूर्ण विजयांचाही होता.

एकच प्रकारचा सामना वरच्याला खाली ओढतो आणि खालच्याला वर नेतो. मुलांना हे कळलं की सरासरी कळली म्हणायची.

नवी पद्धत: अपेक्षेपेक्षा किती?

सामने टाळून वर जाता येतं, ही पळवाट बंद करायला फिफाने २०१८ मध्ये पद्धत बदलली. बुद्धिबळातल्या मानांकनासाठी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाड एलो यांनी जी पद्धत बसवली, तिच्यावर ही आधारलेली आहे. आता सरासरी नाही, बेरीज-वजाबाकी आहे:

नवे गुण = जुने गुण + वजन × (मिळालेला निकाल − अपेक्षित निकाल)

निकाल म्हणजे विजय १, बरोबरी ०.५, पराभव ०. अपेक्षित निकाल दोन संघांच्या गुणांतल्या फरकावरून ठरतो. वरच्या संघाचा अपेक्षित निकाल साधारण असा:

- फरक ० असेल तर ०.५
- फरक १०० असेल तर ०.६
- फरक २०० असेल तर ०.६८
- फरक ३०० असेल तर ०.७६
- फरक ६०० असेल तर ०.९१

१ मधून हा आकडा वजा केला की खालच्या संघाचा अपेक्षित निकाल मिळतो.

आणि वजन? फिफाने देशांच्या सामन्यांसाठी ठरवून दिलेल्या दिवसांत मैत्रीपूर्ण सामना झाला तर १०, त्या दिवसांबाहेर झाला तर ५. पात्रता सामन्याला २५. विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीच्या आधी ५०, तिथून पुढे ६०. म्हणजे पात्रता सामना मैत्रीपूर्ण सामन्याच्या अडीच पट.

आता १०० गुणांच्या फरकाचं उदाहरण सोडवून घ्या. ठरलेल्या दिवसातला मैत्रीपूर्ण सामना आहे. वरचा संघ जिंकला तर १० × (१ − ०.६) = ४ गुण वाढले. बरोबरी झाली तर १ गुण गेला. हरला तर ६ गेले. जे एकाचे गेले ते दुसऱ्याला मिळाले. हाच पात्रता सामना असेल तर अनुक्रमे १० वाढले, २.५ गेले, १५ गेले.

आणि आता ६०० चा फरक घ्या. दुबळा संघ तगड्या संघाशी मैत्रीपूर्ण सामना हरला तर त्याचे किती गेले? १० × ०.०९, म्हणजे एक गुणसुद्धा पुरता नाही. बरोबरी साधली तर चार गुण वाढतात. म्हणजे नव्या पद्धतीत मोठ्यांशी खेळून हरण्यात फारसं नुकसान नाही. आपल्यापेक्षा कमी ताकदीच्या संघाशी हरणं मात्र महागात पडतं.

आणखी एक गोष्ट मुलं हमखास विचारतात: जास्त गोल केले तर जास्त गुण? नाही. १-० आणि ७-० यांची किंमत क्रमवारीत सारखीच.

मग पात्रतेची शक्यता वाढते का?

थोडी वाढते. भारताचीच दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं, जून २०२३. भुवनेश्वरला इंटरकॉन्टिनेंटल कप ही निमंत्रितांची मैत्रीपूर्ण स्पर्धा झाली. १८ जूनच्या अंतिम सामन्यात भारताने लेबनॉनला २-० हरवलं. जुलैच्या क्रमवारीत भारत ९९ वा, आशियात १८ वा. २०२६ च्या विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत नऊ-नऊ संघांचे चार पॉट होते. १८ वा म्हणजे दुसऱ्या पॉटमधला अगदी शेवटचा! लेबनॉन तिसऱ्या पॉटमध्ये गेला. अशा काठावर दोन-चार गुणही मोलाचे असतात. भारताला कतार, कुवेत आणि अफगाणिस्तान असा गट मिळाला. कुवेतमध्ये जाऊन आपण १-० जिंकलोही. पण मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ हरलो आणि जूनमध्ये कतारशी हरून बाहेर पडलो.

दुसरं, नोव्हेंबर २०२४. हैदराबादला मलेशियाशी मैत्रीपूर्ण सामना. मुंबईच्या राहुल भेकेने हेडरने गोल केला आणि १-१ अशी बरोबरी झाली. त्या वर्षात भारताला एकही विजय मिळाला नव्हता, तरी २०२७ च्या आशिया चषक पात्रतेच्या सोडतीत आपण पहिल्या पॉटमध्ये टिकलो. गटात आले हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश. कागदावर याहून सोपं काय हवं? पण गटातून पहिला येणारा एकच संघ पात्र होणार होता. बांगलादेशशी शिलाँगला ०-०, हाँगकाँगकडून ०-१, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून १-२. तिथे आपली आशा संपली. गटात पहिला आला तो तिसऱ्या पॉटमधला सिंगापूर.

पोलंड आठवा. पहिला पॉट दोघांनाही मिळाला होता. क्रमवारीमुळे गट सोपा मिळू शकतो, पण त्या गटातले सामने खेळूनच जिंकावे लागतात. मैत्रीपूर्ण सामन्याचा खरा फायदा गुणांत शोधला तर तो चिमूटभरच सापडतो. बचाव कुठे फुटतो, नवा मुलगा दडपणाखाली कसा खेळतो, हे कळणं हाच त्याचा मोठा फायदा. आणि ते सोप्या संघाशी खेळून कळत नाही.

वर्गात असं करून बघा

१. *सरासरीचा खेळ (सातवी):* प्रत्येक गटाला चार सामन्यांचे गुण द्या, सरासरी काढायला सांगा. मग पाचव्या सामन्याची चिठ्ठी उचलायची. सरासरी वाढणार की घटणार, हे आधी बोटाने दाखवायचं, मग गणित करायचं.

२. *अपेक्षेचा तक्ता (सहावी-सातवी):* वरचा तक्ता फळ्यावर लिहून जोड्या लावा. एकाने संघांचे गुण सांगायचे, दुसऱ्याने बदल काढायचा. दशांश अपूर्णांकांचा गुणाकार आणि ऋण संख्या दोन्हीचा सराव होतो.

३. *सोडत (चौथीपासून पुढे):* २४ मुलं म्हणजे २४ देश. सहा-सहाचे चार पॉट, चिठ्ठ्या काढून सहा गट. मग फासा टाकायचा. पहिल्या पॉटवाल्याने पडलेल्या आकड्यात ३ मिळवायचे, दुसऱ्याने २, तिसऱ्याने १, चौथ्याने काहीच नाही. प्रत्येक गटात ज्याची बेरीज मोठी तो पात्र. बेरीज सारखी आली तर पुन्हा फासा. सहाच्या सहा गटांत पहिल्या पॉटवालेच येतात का, ते मुलांनाच मोजू द्या. 'शक्यता जास्त' आणि 'नक्की' यातला फरक व्याख्या न सांगता समजतो.

पालकांसाठी दोन शब्द

शाळेची टीम तालुक्याला जायच्या आधी सराव सामने ठरवताना एक मोह होतो: सोपा संघ बघू, मुलं जिंकतील, उत्साह वाढेल. घरीही तसंच. सराव चाचणीत वीसपैकी वीस हवेत म्हणून येणारेच प्रश्न सोडवून घेतले जातात. चाचणीची वही छान दिसते, पण खऱ्या पेपरात पहिलाच अनोळखी प्रश्न आला की मूल गोंधळतं.

सराव सामना किंवा सराव चाचणी झाली की "किती मिळाले?" याच्या आधी "कुठे अडलास?" असं विचारून बघा. मोठ्या संघाशी चार गोलांनी हरून आलेल्या मुलीला "दुसऱ्या हाफमध्ये काय वेगळं केलंस?" असं विचारा. ती जे सांगेल, त्यातच तिच्या पुढच्या सामन्याची तयारी असेल. मुलांना कधीतरी आपल्यापेक्षा भारी संघाशी खेळू द्या. फिफाच्या हिशोबातसुद्धा खूप तगड्या संघाशी मैत्रीपूर्ण सामना हरण्याचा तोटा एका गुणाहून कमीच आहे!

वरचे उपक्रम तुमच्या वर्गात घेतलेत तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा. त्यांचे प्रश्न आपल्यापेक्षा चांगले असतात.