मोटर बदलण्याआधी

चि. निखिल यास,



तुझ्या १९६६ च्या एमजीबी गाडीच्या हीटरचा पंखा रेंगाळतो, म्हणून तू नवी मोटर मागवायला निघाला आहेस. थोडा थांब. मंद फिरणारी मोटर खराबच असते असं नाही. पुष्कळदा ती नुसती उपाशी असते. वीज तिच्यापर्यंत फ्यूज, स्विच आणि वायरींचे जोड ओलांडून पोचते आणि अर्थिंगमधून परतते. इतक्या वर्षांत यातल्या प्रत्येक ठिकाणी गंज चढतो. समजा, पंखा ४ अँपिअर घेतो आणि वाटेतल्या एका जोडात अर्धा ओहम रोध साचला आहे. मग २ व्होल्ट वाटेतच संपतात, मोटरला १२ ऐवजी १० मिळतात आणि नखाएवढ्या जोडात ८ वॅट उष्णता कोंडते. नवी मोटर बसवलीस तरी तो जोड तापतच राहील.

म्हणून आधी मोजमाप कर. पंखा चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक फ्यूजच्या पलीकडच्या बाजूला आणि दुसरं मोटरकडे जाणाऱ्या हिरव्या-पिवळ्या वायरच्या जोडाला लाव. आकडा शून्याजवळ हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर एकेक टप्पा मोजत दोषी जागा गाठ. काळी वायर आणि बॉडी यांच्यामध्येही असंच मोज. जोड उघडलास की पितळी टोकावर हिरवट थर दिसेल. तो बारीक पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घास. ही टोकं ज्या नळीत बसतात, ती गंजली असेल तर सरळ बदल. मोटरला पूर्ण व्होल्टेज मिळूनही ती रेंगाळली, तरच उघडून कार्बन ब्रश किती झिजलेत ते पाहा.

तू म्हणशील, सगळंच नवं टाकलं तर काय बिघडलं? पण नवा भाग जुन्याशी जुळेलच असं नाही. तुझ्या गाडीत नेहमीच्या उलट बॅटरीचा धन ध्रुव बॉडीला जोडलेला आहे. नवी मोटर कायम चुंबकाची असेल आणि तिच्या वायरी उलट लागल्या, तर पंखा उलटा फिरेल आणि हवा जेमतेम येईल. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालावा, असंही कोणी सुचवेल. ल्युकास कंपनीच्या जुन्या फ्यूजवरचा ३५ हा वितळण्याचा आकडा आहे. सतत वाहण्याची त्याची मर्यादा १७ अँपिअर. आजचा ३५ चा फ्यूज घातलास, तर त्याच्याआधी वायरच जळेल. उलट, मूळचं काहीच बदलू नये असं मानणारेही भेटतील. जुनेपणाचा मान मलाही आहे, पण आतून करपलेला स्विच हा वारसा नव्हे, आगीला आमंत्रण आहे. तो बिनदिक्कत बदल.

इंग्लंडच्या ओल्या हिवाळ्यात समोरची काच धूसर झाली की ती साफ करायला हाच पंखा लागतो, म्हणून हे काम किरकोळ समजू नकोस. आधी मोज, मग बदल. आणि मोजून झाल्यावर कुठलाही जोड सोडण्याआधी बॅटरीची वायर काढून ठेव.

तुझा,
काका