सोनखत आणि दुसरा खड्डा

मैल्यातील नत्र, स्फुरद व पालाश ही द्रव्ये पिकांनी जमिनीतूनच घेतलेली असतात. ती जमिनीस परत करणे हे शेतकऱ्याचे कर्तव्य होय. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात कै. अप्पासाहेब पटवर्धन यांनी हाच विचार आचरणात आणला.

दोन खड्ड्यांच्या शौचालयात एका वेळी एकच खड्डा वापरावा. तो भरला म्हणजे कुंडीतील त्याचे तोंड बंद करून मैला दुसऱ्या खड्ड्याकडे वळवावा. बंद केलेला खड्डा निदान दीड वर्ष उघडू नये. दोन वर्षे थांबल्यास अधिक बरे. मैल्यातील जंतांची अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, म्हणून ही मुदत आवश्यक आहे. त्यानंतर काळसर, भुसभुशीत व दुर्गंधरहित सोनखत मिळते. ते फळझाडांच्या आळ्यात घालून मातीने झाकावे; कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांस देऊ नये.

काही घरी दोन्ही खड्डे एकदमच चालू ठेवतात. मग दोन्ही भरतात व ताजा मैला उपसण्याचे काम कोणा माणसाच्या माथी येते. असे काम हाताने करवून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

यास्तव ग्रामकार्यकर्त्यांनी घरोघरी कुंडी उघडून पाहावी व खड्डा बंद केल्याची तारीख शौचालयाच्या भिंतीवर लिहवून घ्यावी. तारीख लिहिलेली असली म्हणजे घाई होत नाही, आणि खतही वाया जात नाही.