खेळाडू आणि शिक्षक : श्री. संजय बांगर यांचें उदाहरण

खेळणें आणि खेळावयास शिकविणें हीं दोन कामें एक नव्हेत. गणित चटकन् सोडविणारा विद्यार्थी शेजाऱ्यास तें समजावून सांगूं लागला म्हणजे पुष्कळदां अडखळतो, हें आम्ही शिक्षक नित्य पाहतों. त्याला उत्तर दिसतें. उत्तराची वाट सांगतां येत नाहीं. उलट, ज्यानें प्रत्येक पायरी कष्टानें चढलेली असते, त्याला कोणती पायरी निसरडी आहे हें ठाऊक असतें. या विधानाच्या प्रचीतीसाठीं दूर जावयास नको. आपल्या बीड येथेंच जन्मलेल्या एका क्रिकेटपटूचें चरित्र त्यास पुरेसें आहे.

श्री. संजय बांगर यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९७२ रोजीं बीड येथें झाला. महाराष्ट्र व मुंबई यांच्या तरुणांच्या संघांतून ते प्रथम खेळले. परंतु त्यांना स्थिर जागा मिळाली ती १९९३-९४ च्या सुमारास रेल्वेच्या संघांत. हा संघ कोणत्याहि प्रांताचा नव्हे, नोकरदारांचा. त्याला गांवच्या प्रेक्षकांचा जयजयकार कोठून मिळणार? तथापि या संघानें २००१-०२ सालीं रणजी करंडक प्रथमच जिंकला आणि २००४-०५ सालीं तो पुन्हां मिळविला. संघाच्या या उत्कर्षकाळांत बांगर हे त्याचे एक आधारस्तंभ होते. फलंदाजी व गोलंदाजी हीं दोन्हीं ओझीं त्यांनीं वाहिलीं.

भारताच्या वतीनें पहिला कसोटी सामना ते डिसेंबर २००१ मध्यें मोहाली येथें इंग्लंडविरुद्ध खेळले. पुढें फेब्रुवारी २००२ मध्यें नागपूर येथें झिंबाब्वेविरुद्ध त्यांनीं नाबाद शतक झळकविलें. परंतु त्यांची खरी परीक्षा झाली ती त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें लीड्स येथें. मालिकेंत भारत एका सामन्यानें मागें होता. आकाश ढगाळ, खेळपट्टी गोलंदाजांस अनुकूल, आणि भारतानें प्रथम फलंदाजी पत्करलेली. सेहवाग लवकर बाद झाले. तेव्हां बांगर व राहुल द्रविड यांनीं १७० धावांची भागी करून दिवसाचा बराच भाग किल्ला लढविला. बांगर यांच्या धावा ६८ च; पण त्यांनीं नव्या चेंडूची धार बोथट केली. मग द्रविड यांनीं १४८, तेंडुलकर यांनीं १९३ व गांगुली यांनीं १२८ धावा काढल्या, आणि भारतानें एक डाव व ४६ धावांनीं विजय मिळविला. जगाच्या स्मरणांत तीं तीन शतकें राहिलीं. परंतु ज्या पायावर तीं उभीं राहिलीं तो पाय कोणी घातला, हें जाणत्यांस विसरतां येणार नाहीं.

बांगर एकंदर १२ कसोटी सामने खेळले. त्यांत धावा ४७० व बळी ७. १९९९ नंतरच्या, म्हणजे २००३ च्या, विश्वचषकासाठीं त्यांची निवड झाली होती. तरी २००४ नंतर भारतीय संघाचें दार त्यांच्यासाठीं पुन्हां उघडलें नाहीं. अशा वेळीं मनुष्य कडवट होतो किंवा खेळ सोडतो. बांगर यांनीं दोन्हीं केलें नाहीं. ते रेल्वेसाठीं खेळत राहिले. जानेवारी २०१३ मध्यें त्यांनीं निवृत्ति पत्करली, तेव्हां प्रथम श्रेणीच्या १६५ सामन्यांत आठ हजारांवर धावा आणि तीनशे बळी त्यांच्या नांवावर होते. प्रसिद्धि नसतां केलेला हा अभ्यास हीच त्यांची पुढील शिदोरी ठरली.

२०१४ सालीं पंजाबचा संघ त्यांच्या मार्गदर्शनाखालीं आय.पी.एल.च्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें ते भारतीय संघाचे फलंदाजीचे शिक्षक झाले. नुकत्याच झालेल्या इंग्लंडच्या दौऱ्यांत विराट कोहली यांना कसोटीच्या दहा डावांत अवघ्या १३४ धावा काढतां आल्या होत्या. त्याच हिंवाळ्यांत ऑस्ट्रेलियांत त्यांनीं चार शतकें काढलीं. त्याचें श्रेय प्रथम फलंदाजाचेंच. शिक्षक चेंडू खेळत नाहीं. तो केवळ चूक दाखवितो आणि सराव करवून घेतो. २०१६ सालीं झिंबाब्वेच्या दौऱ्यावर मुख्य शिक्षकाची जबाबदारीहि बांगर यांनीं सांभाळली. २०१८-१९ सालीं भारतानें ऑस्ट्रेलियांत प्रथमच कसोटी मालिका जिंकली, तेव्हांहि ते संघाबरोबर होते.

परंतु शिक्षकाचा मार्ग फुलांचा नसतो. २०१९ च्या विश्वचषकांत उपांत्य सामन्यांत न्यूझीलंडनें भारतास हरविलें. त्यानंतर मुख्य शिक्षक, गोलंदाजीचे शिक्षक व क्षेत्ररक्षणाचे शिक्षक आपापल्या जागीं राहिले. बांगर यांची जागा मात्र दुसऱ्यास देण्यांत आली. शिष्य हरला म्हणजे गुरूस जाब द्यावा लागतो. बांगर यांनीं काम टाकलें नाहीं. पुढें ते बंगळूरच्या संघाचे मुख्य शिक्षक झाले, आणि २०२२ सालीं तो संघ अंतिम सामन्यापासून एकच पाऊल दूर राहिला. हिंदींतून सामन्यांचें विवेचन करूनहि ते क्रिकेट समजावून सांगत आले आहेत.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेच्या संघांत अकराजणांसच जागा असते, आणि त्या अकरांतहि शतक एखाद्याच्याच नशिबीं येतें. बाकीच्यांनीं आपले श्रम व्यर्थ समजूं नयेत. जो कठीण वेळीं उभा राहतो व न दिसणारें काम मन लावून करितो, त्याच्यापाशीं दुसऱ्यास देण्याजोगें कांहीं तरी सांचत जातें. बीड येथें जन्मलेल्या या खेळाडूपासून आपण इतकें शिकलों तरी पुष्कळ झालें.