वैमानिकाचा पगार आणि वैमानिकाचे घर

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

गेल्या वर्षी श्रमाच्या अर्थशास्त्राच्या तासाला वेतनाचे सिद्धान्त चालू होते. सरांनी ॲडम स्मिथची ती प्रसिद्ध पाच कारणे फळ्यावर लिहिली. काम सुखाचे आहे की कष्टाचे, ते शिकायला खर्च किती, ते बारमाही आहे की अधूनमधून मिळणारे, त्यात विश्वास किती टाकावा लागतो आणि यश मिळण्याची शक्यता किती. निरनिराळ्या धंद्यांतील वेतन या पाच कारणांनी कमीअधिक होते, असे स्मिथने १७७६ साली सांगून ठेवले आहे. "एकेक धंदा घ्या आणि ही कारणे लावून निबंध लिहा," सर म्हणाले. कोणी शिक्षक घेतला, कोणी सोनार घेतला. मी वैमानिक घेतला आणि वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून आवाज आला, "त्यांना काय कमी आहे?"

तो प्रश्न मला खोटा वाटला नाही. माझे वडील बस चालवतात. मुक्कामी गाडी असली की ते रात्री परगावी आणि आम्ही घरी. आमच्या घरात विमानात बसलेले अजून कोणी नाही. तेव्हा वैमानिकांचा कैवार घेण्याचे मला काही कारण नव्हते. मी तो विषय घेतला तो केवळ कुतूहलाने, आणि वाचता वाचता माझे मत बदलत गेले. ते कसे बदलले, एवढेच या लेखात सांगायचे आहे. उदाहरणे मुख्यतः अमेरिकेची आहेत, कारण वैमानिकांच्या वेतनाचा वाद तिथे नव्वद वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि त्याची कागदपत्रेही विपुल आहेत.

प्रथम एक साधी गोष्ट समजून घेतली पाहिजे. वैमानिकाचा पगार बहुतेक ठिकाणी तासांवर असतो, पण ते तास म्हणजे कामाचे तास नव्हेत. विमानाची दारे लागून ते जागेवरून हलते तेव्हा घड्याळ सुरू होते आणि मुक्कामी पोहोचून थांबले की बंद होते. त्याआधी विमान तपासणे, हवामानाचे कागद पाहणे, उशीर झाला तर विमानतळावर ताटकळणे, दोन उड्डाणांच्या मधले तीनतीन तास, परगावच्या हॉटेलातली रात्र, यांपैकी बरेचसे त्या घड्याळाबाहेर राहते. किमान तासांची हमी असते, परगावचा किरकोळ भत्ता मिळतो, हे खरे. तरीही तासाचा दर ऐकून महिन्याच्या मिळकतीचा अंदाज बांधणारा माणूस फसतो. मीही प्रथम फसले होते.

मोजमापाचा हा प्रश्न किती जुना आहे ते १९३३-३४ च्या वादावरून दिसते. अमेरिकेतील वैमानिकांची संघटना १९३१ साली शिकागो येथे डेव्हिड बेंकी नावाच्या वैमानिकाने उभी केली. त्या काळी वेतनात मैलांचा हिशेब असे. पुढे अधिक वेगाची विमाने येऊ लागली आणि मोठ्या कंपन्यांनी ठरवले की, यापुढे मैल नकोत, तास मोजायचे. वरवर पाहता यात वावगे काही नाही. पण समजा, जुने विमान तासाला शंभर मैल जात होते आणि नवे दीडशे मैल जाते. महिन्याला ऐंशी तास उडणारा वैमानिक पूर्वी आठ हजार मैल काटत होता, तो आता बारा हजार काटणार. प्रवासी आणि टपाल दीडपट, वेतन मात्र तेवढेच. नव्या यंत्राने वाढवलेली उत्पादकता कोणाच्या खिशात जायची, असा हा प्रश्न होता, आणि तो एका 'तास' या शब्दात लपवला गेला होता.

संपाची धमकी झाली, प्रकरण राष्ट्रीय श्रम मंडळाकडे गेले. बर्नार्ड शिंटॅग या न्यायाधीशांनी चौकशी केली आणि मे १९३४ मध्ये मंडळाचा ८३ क्रमांकाचा निर्णय आला. त्यात मूळ वेतन, विमानाच्या वेगानुसार बदलणारे तासाचे वेतन आणि मैलांचे वेतन अशी तिन्ही मोजमापे एकत्र बांधली. रात्रीच्या उड्डाणाला जास्त दर मिळाला आणि महिन्याला ८५ तासांहून अधिक उडवायचे नाही असे ठरले. मला यातली शेवटची अट सर्वांत महत्त्वाची वाटते. तिच्यामुळे कंपनीला वैमानिकाच्या झोपेतून काटकसर करता येईना.

ही घडी पुढे बरीच वर्षे टिकली. विमानभाडे सरकारी मंडळ ठरवत असे, त्यामुळे वेतन वाढले तर ते भाड्यात धरता येई. १९७८ साली कायद्याने हे नियंत्रण उठवले. नव्या स्वस्त कंपन्या निघाल्या, जुन्या कंपन्यांना घाम फुटला, आणि खर्च कमी करण्याची सर्वांत हाताशी असलेली जागा म्हणजे पगार. कॉन्टिनेंटल कंपनीने सप्टेंबर १९८३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करून जुने करार झुगारले आणि कमी पगारावर पुन्हा विमाने उडवली. वैमानिकांनी १ ऑक्टोबर १९८३ ला संप पुकारला. तो दोन वर्षांहून अधिक चालला आणि फसला.

त्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने एक वेगळी युक्ती काढली. आज नोकरीत असलेल्या वैमानिकांचा पगार कापायचा नाही, पण उद्या जे नोकरीला लागतील त्यांची वेतनश्रेणी वेगळी आणि बरीच खालची. जुन्यांची ती 'अ' श्रेणी आणि नव्यांची 'ब' श्रेणी. विमान तेच, काम तेच, शेजारीशेजारी दोन खुर्च्या आणि दोन दर.

मला ही युक्ती फार विचार करण्याजोगी वाटते. करारावर मत देणार कोण? जे आज नोकरीत आहेत ते. झळ कोणाला? जे अजून नोकरीला लागलेलेच नाहीत त्यांना. मत नसलेल्यावर बोजा टाकणे नेहमीच सोपे असते. स्मिथच्या पाच कारणांपैकी एकही कारण या दोन श्रेणींतील फरकाला लागू पडत नाही. शिक्षण सारखे, जबाबदारी सारखी, विश्वास सारखा. माझ्या निबंधात मी तिथे सहावे कारण लिहिले, 'करार होताना तुम्ही खोलीत होता की नव्हता'. सरांनी त्यापुढे लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले. मी ते खोडलेले नाही.

युनायटेड एअरलाइन्सने हीच दुहेरी श्रेणी मागितली तेव्हा तिथल्या वैमानिकांनी १७ मे १९८५ रोजी संप केला. तो २९ दिवस चालला. कंपनीत सुमारे पाच हजार वैमानिक होते आणि त्यांतले बहुतेक सर्व संपात उतरले. म्हणजे ज्यांच्या स्वतःच्या श्रेणीला आज धक्का नव्हता ती माणसे, अजून न आलेल्यांसाठी पगारावर पाणी सोडून बाहेर उभी राहिली. यात निव्वळ परोपकार होता असे मी म्हणणार नाही. स्वस्त वैमानिक शेजारच्या खुर्चीत बसला की महागड्याची खुर्ची किती दिवस टिकणार, हा हिशेबही त्यांनी केला असणार. पण एक गोष्ट मात्र हिशेबात बसत नाही. कंपनीने संपाआधी ५७० नवे वैमानिक प्रशिक्षणासाठी घेतले होते. संपाच्या वेळी त्यांनी कामावर यावे, अशी कंपनीची अपेक्षा होती. नोकरी हातातोंडाशी आलेली, आणि तरीही त्यांतले जवळजवळ सगळे बाहेरच राहिले. नंतर कंपनी त्यांना घ्यायला तयार होईना आणि त्यांच्यासाठी संघटनेला न्यायालयात जावे लागले.

आणि इथेच 'घर' या शब्दाशी मी येऊन पोहोचते. संघटनेने या लढ्याच्या तयारीत वैमानिकांच्या घरच्या माणसांना मुद्दाम सामील करून घेतले होते. त्यासाठी स्वतंत्र कार्यक्रमच आखला होता. भांडण कशाचे आहे, पगार थांबला तर घर कसे चालवायचे, हे पत्नींना आधीच समजावून सांगितले गेले आणि विमानतळाबाहेरच्या निदर्शनांत त्याही उभ्या राहिल्या. यामागे साधे व्यवहारज्ञान होते. संप फुटतो तो बहुधा विमानतळावर नव्हे, तर रात्री स्वयंपाकघरात, घराच्या कर्जाचा हप्ता मोजताना. माझी आई हे वाचल्यावर म्हणाली, "हे सांगायला अमेरिकेला कशाला जायला हवं?"

संपाचा निकाल अर्धामुर्धाच लागला. दुहेरी श्रेणी गेली नाही. नव्यांनी काही वर्षांनी वरच्या श्रेणीत यावे, अशी तडजोड झाली.

येथे कोणी विचारील की, पगार पटत नसेल तर या लोकांनी दुसरी कंपनी का गाठू नये? मलाही हेच पडले होते. उत्तर ज्येष्ठतेच्या यादीत आहे. वैमानिकाचा पगार, त्याचे विमान, कप्तानपद, सुट्टी, दिवाळीसारख्या सणाला (त्यांच्याकडे नाताळला) घरी असणे, हे सारे कंपनीच्या यादीतील क्रमांकावर ठरते. कंपनी बदलली की वीस वर्षांचा अनुभवी कप्तानसुद्धा बहुधा यादीच्या तळाशी जातो. अर्थशास्त्रात आपण गृहीत धरतो की असमाधानी कामगार बाजारातून दुसरी नोकरी शोधील. इथे बाहेरचे दारच लावलेले आहे. म्हणून वैमानिक आवाज उठवतो, आणि म्हणूनच त्याचा सारा जन्म एका कंपनीच्या दैवाला बांधलेला असतो.

ते दैव कसे फिरते याचे उदाहरण पुन्हा युनायटेडचेच. १९९४ साली वैमानिकांनी व इतर काही कामगारांनी पगारकपात पत्करून कंपनीचे ५५ टक्के भाग घेतले. डिसेंबर २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्या भागांची किंमत उरली नाही. २००५ साली निवृत्तिवेतनाच्या योजनाही मोडून सरकारी विमा संस्थेच्या गळ्यात घातल्या गेल्या. ही संस्था देते ती हमी एका मर्यादेपर्यंतच. पासष्टाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला तेव्हा ती मर्यादा वर्षाला सुमारे पंचेचाळीस हजार डॉलर होती आणि साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला तिच्या ६५ टक्के, म्हणजे एकोणतीस हजारांच्या आसपास, कारण तो 'लवकर' निवृत्त झाला असे मानले जाई. आता गंमत पाहा. विमानवाहतुकीच्या सरकारी नियमाने वैमानिकाला साठाव्या वर्षानंतर प्रवासी विमान चालवण्यास बंदी होती. ती २००७ च्या डिसेंबरात उठली. म्हणजे सरकारचा एक हात माणसाला साठीला घरी बसवत होता आणि दुसरा हात, तू लवकर घरी बसलास म्हणून कमी देत होता. गंमत हा शब्द मी वापरला खरा, पण ज्या घरांत ते पत्र आले असेल तिथे तो कोणी वापरला नसेल.

२००९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या हडसन नदीत कप्तान सुलेनबर्गर यांनी विमान उतरवून सर्वच्या सर्व १५५ जणांना वाचवले, हे अनेकांना ठाऊक आहे. त्यानंतर २४ फेब्रुवारीला ते अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे गेले आणि तिथे त्यांनी काय सांगितले, हे कमी लोकांना ठाऊक असते. माझा पगार चाळीस टक्के घटला आहे, निवृत्तिवेतनाची योजना मोडली आहे आणि आपल्या मुलांनी या धंद्यात यावे असे म्हणणारा एकही वैमानिक मला माहीत नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. जगाने ज्याला डोक्यावर घेतले होते त्याने त्या आठवड्यात हे बोलावे, याला मी धैर्य म्हणेन.

त्याआधी बाराच दिवस, १२ फेब्रुवारीला, बफेलो शहराजवळ कोलगन या छोट्या कंपनीचे विमान पडून ५० माणसे मेली. चौकशीत निघालेली माहिती अस्वस्थ करणारी आहे. सहवैमानिक चोवीस वर्षांची तरुणी. राहायची सिएटलजवळ, म्हणजे देशाच्या पश्चिम टोकाला, आणि नोकरीचा तळ पूर्व किनाऱ्यावरच्या नेवार्कला. आदल्या रात्री ती मालवाहू विमानांतून देश ओलांडून कामावर आली होती. तिचा पगार वर्षाला सोळा हजार डॉलरच्या आसपास असल्याचे सुनावणीत निघाले. तो चोवीस हजारांच्या जवळ होता, असे कंपनीने मागाहून सांगितले. दोन्ही आकडे ऐकून मला 'त्यांना काय कमी आहे' हे वाक्य आठवले.

मात्र पगार कमी म्हणून विमान पडले, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. वेग कमी झाल्याचा इशारा मिळाल्यावर कप्तानाने चुकीची कृती केली, हे अपघाताचे मुख्य कारण म्हणून नोंदले गेले. परंतु मृतांचे नातेवाईक तेवढ्यावर थांबले नाहीत. ते वॉशिंग्टनला पुन्हा पुन्हा गेले. २०१० साली कायदा झाला. त्यामुळे सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव आवश्यक झाला आणि विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाले. वैमानिक कमी पडू लागले तसे छोट्या कंपन्यांचे सुरुवातीचे पगारही पुढे वाढले. मार्च २०२३ मध्ये डेल्टा कंपनीच्या करारात चार वर्षांत मिळून ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा इतर मोठ्या कंपन्यांनाही त्याच वाटेने जावे लागले. वेतनवाढीची ही वाट शोकाकुल घरांवरून गेली, हे कोणत्याही मागणी-पुरवठ्याच्या आकृतीत दिसत नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न येऊन गेला आहे. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे एकत्रीकरण झाले, पण दोन्हीकडच्या वैमानिकांचे वेतन व अटी वेगळ्याच राहिल्या. पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी २७ एप्रिल ते ६ मे २०११ असा दहा दिवस संप केला. शेवटी न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीकडे तो विषय गेला. आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईला उतरले, तेव्हा वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. त्यांतल्या काहींना दुसरीकडे पूर्वीपेक्षा कमी पगारावर जावे लागले. अंधेरी-पवईकडच्या सोसायट्यांतही कर्जाचे हप्ते असतात, एवढे मला तेव्हाच्या बातम्यांवरून कळले.

ज्येष्ठ कप्तानाचा पगार मोठा असतो हे मी नाकारत नाही, आणि माझ्या वडिलांशेजारी तो ठेवला तर फारच मोठा दिसतो. त्यांना मी दारे लागल्यावर सुरू होणाऱ्या घड्याळाविषयी सांगितले. ते चपला घालत होते, संध्याकाळची मुक्कामी गाडी होती. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "मग सकाळी गाडी तपासतो ती कोणाच्या वेळात?"

निबंधाला मला वीसपैकी तेरा गुण मिळाले. मागच्या बाकावरच्या मित्राचे मत अजून बदललेले नाही. पुढच्या सत्रात त्याने बसचालकांवर लिहायचे कबूल केले आहे, आणि त्यासाठी तो येत्या रविवारी आमच्या घरी वडिलांना भेटायला येणार आहे. अर्थात त्या दिवशी मुक्काम नसला तर.