लसीकरणाची टक्केवारी : सरकारी नोंद की घरोघरची पाहणी?

लसीकरणाची टक्केवारी दोन प्रकारे काढली जाते. सरकारी आकडेवारीत केंद्रांवर दिलेल्या डोसांच्या बेरजेला त्या भागातील अपेक्षित बालकांच्या संख्येने भागतात. पाहणीत निवडक घरी जाऊन मुलाचे लसीकरण कार्ड तपासतात. कार्ड नसल्यास आईला आठवेल ते लिहून घेतात.

सरकारी आकडेवारीचा कच्चा दुवा म्हणजे भाजक. बालकांची अपेक्षित संख्या जुन्या जनगणनेवरून अंदाजाने ठरते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मूल एका तालुक्याच्या यादीत असते आणि लस दुसऱ्या तालुक्यात घेते. म्हणून कुठे लसीकरण शंभर टक्क्यांवर गेलेले दिसते, तर कुठे उगाच कमी. खासगी दवाखान्यातील डोस नोंदवला गेला नाही, तरीही आकडा घसरतो.

पाहणीत भाजकाचा हा प्रश्न येत नाही, पण स्मरणाचा येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ (२०१९-२१) नुसार १२ ते २३ महिन्यांच्या ७६.४ टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण होते. केवळ कार्ड दाखवलेली बालके धरली तर ८३.८ टक्के. कार्ड नसलेल्या घरात काही डोस विसरले जातात, हे या फरकाचे एक कारण. कार्ड सांभाळणारी कुटुंबे लसही वेळेवर देतात, हे दुसरे.

पाहणी मोठी म्हणून ती अचूक ठरत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये फेसबुकमार्फत झालेल्या कोविड पाहणीत दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोक उत्तरे देत. तरीही मे महिन्यात लस घेतलेल्या प्रौढांचे प्रमाण सरकारी नोंदीपेक्षा १७ टक्केबिंदूंनी जास्त आले. सुमारे एक हजार लोकांची, पण काळजीपूर्वक निवड केलेली दुसरी पाहणी सत्याच्या बरीच जवळ होती. तिथे सरकारी नोंद भरवशाची ठरली.

म्हणून दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. कोणत्या गावात या महिन्यात डोस घटले, हे नोंद सांगते. यादीतच नसलेली मुले चांगली पाहणी शोधते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दरवर्षी दोन्ही तपासूनच देशांचे अंदाज काढतात. गोवर रोखण्यासाठी प्रत्येक वस्तीत सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. जिल्ह्याची सरासरी चांगली असली, तरी सुटलेल्या वस्तीत साथ येते.

पाहणीला सर्वांत भक्कम आधार कार्डाचाच असतो. पालकांनी ते जपून ठेवावे, प्रत्येक डोसाची तारीख त्यावर लिहून घ्यावी आणि गाव बदलताना ते सोबत न्यावे.