तुम्ही कुणाकडून आलात?

ऊसतोड बायकांच्या मुलाखती घ्यायला मी पहिल्यांदा फडावर गेले ती मुकादमाच्या मोटारसायकलवरून. खुर्चीही त्यानंच मागवली. उचल मिळाली? मिळाली. खाडा पडला तर पैसे कापतात? नाही. अंगावर दुखणं काढता? छे, दवाखान्यात जातो की. मोळी बांधता बांधता बाई उत्तरं देत होती आणि दर उत्तराला मुकादमाकडे बघत होती.

मुकादमाचं दडपण कुणालाही दिसेल. पण तो नसतानाही मी तिथं त्रयस्थ नव्हते. माझं आडनाव, गाव, वडिलांचा ऊस हे सगळं वस्तीवर माझ्याआधी पोचलं होतं. तोडीसाठी शेतकऱ्याकडून वरचे पैसे घेतात, त्या 'खुशाली'चा विषय बागायतदाराच्या लेकीपुढं कोण काढील?

पुढं बीडकडची, आईबरोबर फडावरच वाढलेली एक मुलगी माझ्या मदतीला आली. संध्याकाळी ती कोपीबाहेर चुलीशी बसली, भाकरी थापू लागली. त्याच बाईनं तिला सांगितलं, की पाळीत कळा येतात, घरी बसलं तर खाडा लागतो, म्हणून पिशवीच काढून टाकली.

जेराल्ड बेरेमन या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाला गढवालच्या डोंगरातल्या एका गावात असाच अनुभव आला. त्याचा ब्राह्मण दुभाषा आजारी पडला, त्याच्या जागी एक मुस्लिम शिक्षक आला, आणि तोवर हातचं राखून बोलणारे खालच्या मानलेल्या जातींतले लोक मोकळे झाले. ब्राह्मणापासून लपवलेल्या मांस-दारूच्या गोष्टीही बाहेर आल्या. त्यानं हे १९६२ साली सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं.

तो शिक्षक काही त्यांच्यातला नव्हता, तरी ते त्याच्यापुढं बोलले. म्हणून 'आपल्यातलाच माणूस पाठवा' एवढ्यावर भागत नाही. आमच्या त्या मुलीला उचल बुडवून पळालेल्यांची नावं कुणी सांगितली नाहीत. बोललेलं गावी पोचेल ही धास्ती होती. आणि पुष्कळ गोष्टी 'तुला काय सांगायचं, तुला ठाऊकच आहे' यावरच संपायच्या. बाहेरच्याला निदान सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

तेव्हा मुलाखत झाली की त्याच रात्री एक पान वेगळं लिहा. मला कुणी आणलं, ऐकू येईल इतक्या जवळ कोण होतं, मला ताई म्हणाले की मॅडम, मी आल्यावर कोणतं बोलणं थांबलं, कुठल्या उत्तराचा मला राग आला. विश्लेषणाला बसाल तेव्हा हे पान त्या मुलाखतीशेजारी उघडं ठेवा. एकीला सांगितलं आणि दुसरीला नाही, तर त्यातलं खरं कोणतं हे ठरवायची घाई करू नका. कुणापुढं काय बोललं जातं, हीच तुमच्या हाती आलेली मोलाची माहिती आहे.

मार्गदर्शकांना एक विनंती. पद्धतीच्या प्रकरणात 'संशोधकाची भूमिका' म्हणून अर्धं पान आणि पुढं निष्कर्षांत तिचा मागमूस नाही, असा प्रबंध आला तर तो परत पाठवा.