पुढीलदारचं कुंपण, मागीलदारची वई

ठेकेदारानं तुला चारी बाजूंनी पाच फूट चिऱ्याची भिंत सुचवली आहे ना? सुचवणारच. एकच माप, एकच गवंडी, चिऱ्याच्या गाड्याही एकदमच उतरणार. त्याची सोय झाली. पण बाबा, पुढीलदारी माणसं येतात आणि मागीलदारी गुरं, डुकरं नि डोंगराचं पाणी येतं. दोन्हीकडे तीच भिंत घातलीस तर पुढे ती जास्त होईल आणि मागे पुरणार नाही.

खड्डा खणण्याआधी मोजणी करून घे. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, हद्द नसते. भूमी अभिलेखात हद्द कायम मोजणीचा अर्ज टाक. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना समक्ष उभं कर आणि खुणेचे दगड त्यांच्या डोळ्यांदेखत रोव. मागून वहिवाटीची पाणंद जात असेल तर ती मोकळी सोड. अडवलेल्या वाटांसाठी १९०६ पासून मामलेदार न्यायालयाचा कायदा आहे आणि तहसीलदार तुझं नवं कुंपण काढायला लावू शकतो. आणि शेजाऱ्याशी वाकडं घेऊन तू वर्षातले दहा महिने मुंबईत राहणार, मग घराकडे बघणार कोण?

पुढची भिंत ठरवताना हेच डोक्यात ठेव. राष्ट्रीय इमारत संहितेत पुढच्या रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटर उंचीपर्यंत भिंत चालते, २.४ मीटरपर्यंत न्यायची तर वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसेल असा ठेवावा लागतो. आपल्या हद्दीत नेमका काय नियम लागतो ते बांधकामाची परवानगी घेतानाच विचार. मी म्हणेन, तेवढी उंचीही नको. अडीच फूट चिरा आणि त्यावर जाळी, बस. रस्त्यानं जाणाऱ्याला तुझं दार उघडं आहे की बंद, ते दिसलं पाहिजे. उंच भिंत चोराला एकदाच अडवते. तो आत उतरला की तीच त्याचा आडोसा होते.

भिंतीच्या आतून मेंदी लाव, नाहीतर जास्वंद. मेंदी पहिल्या वर्षी निर्दयपणे छाटायची, गुडघ्याच्या वर जाऊ द्यायची नाही. लाड करून वाढू दिलीस तर वर पाला आणि खाली नुसत्या काड्या, त्यातून कोंबड्यासुद्धा आरामात ये-जा करतील. अडुळसा त्याहून बिनघोर. कडू असल्यानं गुरं तोंड लावत नाहीत. कण्हेर दिसायला छान, पण ती मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. लहान मुलं खेळतात त्या अंगणाला ती नको. शेरही नको, त्याचा चीक डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो.

फाटक आत उघडणारं कर, रस्त्यावर नव्हे. तुझं अंगण मात्र चढाचं आहे, तेव्हा आत उघडणारी झडप जमिनीला घासेल. खांब उभे करण्यापूर्वी तेवढी माती उतरवून घे. मालाचा टेम्पो वळेल इतकी रुंदी ठेव आणि शेजारी माणसापुरती दिंडी दे. दूधवाल्यासाठी रोज मोठं फाटक कोण उघडणार?

आता मागीलदार. खरी मेहनत इथे आहे. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तुझ्या जागेत तो मागच्या डोंगरावरून उतरतो. सिमेंटनं बांधलेली सलग भिंत घातलीस की पाणी तिच्यामागे तुंबतं, माती फुगते आणि आषाढात भिंत पोट काढून आडवी होते. बांधायचीच असेल तर पाया कातळापर्यंत किंवा घट्ट मुरमापर्यंत ने आणि खालच्या थरात चार-पाच फुटांवर पाइपाचे तुकडे बसवून पाण्याला वाट दे. त्यापेक्षा गडगा घाल. खाली अडीच फूट रुंद, वर दीड फूट, मोठा दगड खाली, फटीत चिपा ठोकलेल्या, मातीचा गिलावा नाही की सिमेंट नाही. पाणी फटींतून निघून जातं, दगड जागेवर राहतो. ढासळला तर दोन माणसं दुपारभरात परत रचतात. गडग्यात जनावर राहतं हे खरं. त्याच्या कडेला सरपण रचू नको आणि आतून तीन-चार फुटांचा पट्टा साफ ठेव, म्हणजे ते आपल्या वाटेनं जाईल.

गडग्याच्या आतून वई हवी. गिरिपुष्पासारखं झाड नाही. मनगटाएवढे जाड, चार-पाच फुटांचे खुंट घ्यायचे, खालचं टोक तिरकं तासायचं, मिरगाच्या तोंडावर दीड-दीड फुटावर फूटभर खोल पुरायचे. बोटाएवढ्या काटक्या कुजतात, मजूर त्याच आणतील, परत पाठव. ते वाढले की छाटलेला पाला नारळाच्या आळ्यात टाक. ते हवेतला नत्र धरतं, खताचा खर्च थोडा उतरतो. मधून मधून करवंद लाव. वाढायला सावकाश, पण त्या काट्यातून माणूस जात नाही आणि वैशाखात मुलांना रानमेवा मिळतो. घाणेरी आणि सुबाभूळ मात्र कोणी फुकट दिली तरी घेऊ नको. कुंपणानं शेत खाल्ल्याची म्हण ती दोन्ही खरी करून दाखवतात.

वई दाट होईपर्यंत दोन वर्षं बांबू नाहीतर जाळी लागेल. बांबू पावसाळा संपल्यावर तोडलेला, तीन वर्षांचा घे आणि वहाळाच्या पाण्यात भिजवून ठेव, म्हणजे भुंगा कमी लागतो. जमिनीत जाणाऱ्या टोकाला डांबर फास. जाळी घेताना गेज विचार. आकडा लहान तितकी तार जाड. दहा गेजची तार सव्वातीन मिलिमीटरची असते, बारा गेजची जेमतेम अडीचच्या वर. दुकानदार बाराची दाखवून दहाचा भाव लावत नाही ना, ते मोजून बघ. खाडीजवळ साधी तार लवकर गंजते, चांगला जस्ताचा मुलामा असलेलीच घे. रानडुक्कर जाळीखालून उकरतं, म्हणून ती फूटभर जमिनीत गाड. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही बाजूंनी तिरके टेकू दे, नाहीतर जाळी ताणताच तो आत झुकेल.

वानरं यातल्या कशालाच जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी लोक झटका मशीन बसवतात. ते थांबून थांबून हलका झटका देणारं असतं, बसवायचं तर तसंच आणि वर पाटी लावून. घरातल्या लाइनचा करंट तारेत सोडण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहासुद्धा देऊ नको. त्यानं माणूस मरतो आणि तो गुन्हा आहे.

तेव्हा ठेकेदाराला आजच फोन कर. चिरा पुढच्या बाजूपुरताच उतरव म्हणावं आणि मागच्या पायाची खणती थांबव.